नीळ न घातलेला पांढरा

"तुमची रोशनी काय करते हो?" असं कुणी विचारलं की दिपिकाची पंचाईत व्हायची. नुसतं 'कंपनीत आहे' म्हणून भागत नसे. 'लॅपटॉपच्या स्क्रीन तपासते' म्हटलं की समोरची बाई डोळे बारीक करून विचारायची, "तपासते म्हणजे? पुसते?" एकदा भाजीवालीपाशी हेच झालं, तेव्हा भाजीवालीनंच बाजू घेतली. "अहो, पोरगी बारावीच्या पुढं शिकलीय, पुसंल कशाला?" दिपिकाला बरं वाटलं, पण घरी येताना पिशवीपेक्षा तो प्रश्नच जड झाला. कारण खरं म्हणजे तिलाही माहीत नव्हतं.

एवढंच माहीत होतं की वसई पूर्वेला, कारखान्यांच्या रांगेत, स्टीवन नावाच्या माणसाचा एक गाळा आहे. तिथे जुने लॅपटॉप येतात, दुरुस्त होतात आणि फोटोवाले, डिझाइनवाले, शिकणारी पोरं ते घेऊन जातात. त्या गाळ्यात रोशनी एका अंधाऱ्या खोलीत बसते. अंधाऱ्या खोलीत, हे शब्द रोशनीच्याच तोंडून एकदा निसटले होते आणि तेव्हापासून दिपिकाच्या मनात ती खोली रोज थोडी थोडी काळी होत चालली होती.

भोईरांचं घर जूचंद्रचं. नायगाव स्टेशनच्या पूर्वेला टॉवर उभे राहिले तरी जूचंद्रला गावपण आहे आणि गावाला रांगोळीचं वेड आहे. इथली रांगोळी म्हणजे दारापुढचे ठिपके नव्हेत. जमिनीवर माणूस काढायचा, त्याच्या कपाळावरची आठी, डोळ्यातलं पाणी, दाढीचे खुंट, सगळं चिमटीतून. दिपिका लग्न होऊन बोळिंजहून इथे आली तेव्हा पहिल्याच दिवाळीत एका हॉलमध्ये जमिनीवर झोपलेल्या म्हाताऱ्याला बघून तिनं चप्पल मागे घेतली होती. म्हातारा रांगोळीचा होता. काढणारा होता तिचा नवरा, भूपेश.

भूपेशनं रोशनीला लहानपणापासून शिकवलं. गाळणीतून रंग कसा पाडायचा, चिमूट कुठे सैल करायची, माणूस काढायला डोळ्यापासून का सुरुवात करायची. तो म्हणायचा, "डोळा जमला की माणूस आपल्याकडे बघतो. मग तोच सांगतो पुढं काय काढायचं ते."

मागच्या दिवाळीत रोशनीनं आजोबा काढायला घेतले.

रामू भोईर. मिठागरावर जन्म काढलेला माणूस. त्याचा एकुलता एक रंगीत फोटो घरात होता. मिठाच्या राशीजवळ उभा, खांद्यावर फडका, डोळे उन्हानं मिटत आलेले. कुणा पाहुण्यानं काढलेला. इतक्या वर्षांत फोटो विटून गुलाबी पडला होता. रोशनीनं तो मोबाइलवर टिपला, घरच्या लॅपटॉपवर घेतला, तिथे गुलाबी झाक काढून टाकली आणि रंग जुळवायला बसली. जूचंद्रची पोरं आता असंच करतात. रंग कागदावर चिमूटभर घ्यायचा, कागद स्क्रीनला लावायचा, शेजारी शेजारी बघायचं, जुळला की डबी भरायची. रोशनीनंही डबी डबी भरून घेतली. गालाचा रंग, मानेचा रंग, सावलीतला कानाचा रंग. सगळे स्क्रीनशी तंतोतंत.

दिवाळीच्या प्रदर्शनात, हॉलमध्ये रांगोळी पुरी झाली तेव्हा रेषा एक चुकली नव्हती. आणि माणूस मेलेला दिसत होता. चेहरा राखेचा, ओठ निळसर, उन्हात करपलेल्या त्या कातडीतलं तांबूसपण कुठल्या कुठे गेलेलं. लोक वाहवा करत होते, पण जरा जपून. दिपिका सासूबाईंचा हात धरून उभी होती. पुतळाबाईंनी बराच वेळ बघितलं, पदर तोंडाला लावला आणि वळून चालू लागल्या. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "माजा मानूस असा नव्हता."

त्या वाक्यानंतर रोशनीनं रांगोळीच्या डब्या माळ्यावर टाकल्या. पुतळाबाई नातीला रागावल्या नाहीत, पण रामूचं नाव घ्यायच्या बंद झाल्या. आधी रोज घ्यायच्या. चहात साखर कमी पडली तरी त्यांना रामू आठवायचा. दिपिकाला ही शांतता खायला उठायची. म्हातारीचं वय झालेलं. उद्या काही झालं, तर नवऱ्याचं ते राखेचं तोंडच डोळ्यापुढे घेऊन जाईल का ही?

आणि यंदा नवरात्र संपताच रोशनी म्हणाली, "मम्मी, मी आजोबांना परत काढणार आहे."

दिपिकाच्या हातातली पळी कढईत पडली. "दुसरं कुणी मिळत नाही का तुला?"

"दुसऱ्या कुणाचं मी वाटोळं नाही केलं."

"परत तसंच झालं तर? आजीकडे बघ जरा."

"म्हणून तर," रोशनी म्हणाली आणि कामावर निघून गेली. जाताना डबा विसरली.

डबा हे निमित्त. दिपिकानं रिक्षा केली आणि गाळा शोधत गेली. खाली लोखंड कापत होते, वर पुठ्ठ्याची खोकी. जिना चढल्यावर स्टीवननंच दार उघडलं. जाड, हसरा, गळ्यात क्रॉस. "रोशनीची मम्मी ना? या, या. चेहऱ्यावरनंच कळतं. काळजी दोघींच्या कपाळावर एकाच जागी बसते."

"ती कुठे आहे?"

"काळोखात," स्टीवन म्हणाला आणि दिपिकाचं तोंड बघून घाईनं पुढे म्हणाला, "घाबरू नका आंटी, काळोख विकत घेतलेला आहे. त्या पडद्याला चांगलं काळं कापड लागलंय."

पडद्याआड खरोखरच काळोख होता आणि काळोखात सहा लॅपटॉप उघडे होते. सहाही स्क्रीन पांढऱ्या. रोशनी स्टुलावर बसलेली. दिपिकाला पहिल्यांदा दिसले ते पोरीचे डोळे. लाल झालेत का? नव्हते.

"मम्मी! तू? बरं झालं. आली आहेस तर सांग, यातली पांढरी कुठली?"

"सगळ्याच पांढऱ्या."

"नीट बघ."

दिपिकानं वाकून एकेक नीट बघितली. सहांतल्या कुठल्याही दोन एकसारख्या नव्हत्या. एक दुधासारखी, एक जुन्या वर्तमानपत्रासारखी, एकीत हिरवट काहीतरी, एक किंचित गुलाबी. एकेकटी बघितली असती तर प्रत्येकीला तिनं शपथेवर पांढरी म्हटलं असतं. शेजारी शेजारी ठेवल्यावर कळेना की आजवर आपण पांढरं म्हणून काय बघत आलो.

"ही," तिनं शेवटी सर्वांत लख्ख स्क्रीनकडे बोट दाखवलं. "हीच खरी पांढरी."

रोशनी हसली. "सगळे हीच दाखवतात. ती निळी आहे, मम्मी."

"निळी? डोळे फुटले का माझे?"

"तू पप्पांच्या शर्टाला काय घालतेस? नीळ. मग शर्ट कसा दिसतो? पांढऱ्याहून पांढरा. स्वस्त स्क्रीनचं तसंच असतं. नीळ घातल्यावर दुकानात उठून दिसते."

मग तिनं टेबलावरून एक काळं यंत्र उचललं. लाडवाएवढं, खालून सपाट, मागे लांब वायर. "हा कॅलिब्रेटर, रंग मोजतो," ती म्हणाली. त्या लख्ख स्क्रीनला जरा मागे कलतं करून तिनं यंत्र मधोमध टेकवलं आणि वायर पलीकडे सोडली. यंत्र पालीसारखं स्क्रीनला चिकटून राहिलं. मग त्याच्याखाली एक लाल चौकोन उमटला. गेला. हिरवा. निळा. मग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडीच्या पायऱ्या, एकामागून एक. बाहेरचा लोखंडाचा आवाजही दूर गेला. दिपिकाला एकदम देवळाची आठवण झाली. गाभाऱ्यात पुजारी पूजा करतो, आपल्याला सगळं कळत नाही, पण काहीतरी पुरं होईपर्यंत हलायचं नसतं.

"काय करतंय ते?"

"बघतंय. आपण बघतो तसंच, पण याला सवय होत नाही. आपला डोळा लवकर सवय करून घेतो. बल्बखाली कागद पिवळा असतो, तरी आपण पांढराच म्हणतो. हा नाही म्हणत."

शेवटी दुसऱ्या लॅपटॉपवर एक आकृती आली. घोड्याच्या नालेसारखी कमान, तिच्यात रंग भरलेले, आणि आत एक त्रिकोण.

"ही कमान म्हणजे माणसाच्या डोळ्याला दिसणारे सगळे रंग," रोशनी म्हणाली. "आणि त्रिकोण म्हणजे ही स्क्रीन त्यातले दाखवू शकते तेवढे."

दिपिका बघत राहिली. कमान केवढी, त्रिकोण केवढासा. "आणि बाहेरचे?"

"बाहेरचे हिला येतच नाहीत. बघ, लाल कोपरा किती आत आहे. खरा लाल मागितला तर ही विटकरी देते. जमतं तेवढं देते आणि गप्प बसते. मी सांगितलं नसतं तर तुला कळलंही नसतं की काही राहिलं."

जगात एवढे रंग आहेत, ते मोजून एका कमानीत बसवणारी माणसं आहेत, आणि आपली पोरगी त्यांच्या पंक्तीत बसते, हे दिपिकाला आज कळत होतं. घरी टॉवेल जागेवर न टाकणारी हीच का ती?

"घरचा लॅपटॉप मी परवा इथे आणून मोजला," रोशनी हळू म्हणाली. "तो याहून वाईट निघाला. निळा, आणि लालात एकदम गरीब. आजोबांच्या कातडीतलं तांबडं त्यानं मला दाखवलंच नव्हतं, मम्मी. मी जे दिसलं ते जुळवत गेले. आजोबांच्या तोंडाला मीच नीळ घातली."

दिपिकानं डबा उघडून तिच्यापुढे सरकवला. दुसरं काय करणार? "जेव आधी," ती म्हणाली.

संध्याकाळी रोशनी आली ती गाळ्यातला सर्वांत चांगला लॅपटॉप घेऊनच. स्टीवननं दिलेला. "आजोबा सुखरूप परत आण आणि लॅपटॉपही," असं तो म्हणाला होता. यंत्रही सोबत दिलं होतं.

पण अडचण वेगळीच निघाली. स्क्रीन खरी झाली, फोटो कुठे खरा होता? तो विटलेला. त्यातली गुलाबी झाक किती काढायची आणि कातडीचा तांबूसपणा किती ठेवायचा, हे कुठलं यंत्र सांगणार? भूपेश म्हणे बाबा काळेच होते. दिपिकानं सासरा बघितलेला, तिला ते गव्हाळ आठवत. दोघांचं जुंपलं.

"तुला काय माहीत? तू येईपर्यंत ते मिठागर सोडून घरी बसलेले."

"आणि तुम्ही काय बघितलंत? परवा जांभळ्या साडीला चॉकलेटी म्हणालात."

खरं सांगू शकणारं माणूस एकच होतं, आणि ते भिंतीकडे तोंड करून बसलं होतं.

"मला नको दाखवू," पुतळाबाई म्हणाल्या. "गेल्या वरसी दाखवलंस तेवडा पुरे झाला."

रोशनीनं हट्ट केला नाही. तिनं आजीसमोर नुसती पांढरी स्क्रीन उघडून ठेवली. "आजोबा नाहीत यात. फक्त सांग, हा पांढरा कसला?"

पांढरा म्हटल्यावर म्हातारीची मान वळली. नवऱ्यानं ओढलेलं मीठ तिनं जन्मभर पाट्या भरभरून राशीवर टाकलं होतं. पांढऱ्यातलं तिला विचारल्यावर ती गप्प कशी बसेल? "ह्यो नवा मीठ," त्या म्हणाल्या. "पयल्या ओढीचा." मग डोळा चोळायला त्यांनी हात वर नेला, तो नेमका उजव्या डोळ्यावर गेला. त्याबरोबर त्या थबकल्या. "आता क केलंस? जुना झाला. पिवला."

"मी काहीच नाही केलं, आजी."

पुतळाबाईंनी हात काढला. परत उजव्या डोळ्यावर ठेवला. डाव्यावर ठेवला. लहान मुलासारखा त्यांचा खेळ सुरू झाला. "नवा... जुना... नवा..."

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पावसाळ्याआधी झालं होतं. डाव्याचं व्हायचं होतं. दिपिकानंच त्या डोळ्यात थेंब घातले होते, हिरव्या पट्टीचा हिशेब ठेवला होता, पण एकाच म्हाताऱ्या तोंडावरचे दोन डोळे दोन वेगळी जगं बघतायत, हे तिच्या गावीही नव्हतं. डाव्यात अजून जुन्या पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं. उजवा धुऊन लख्ख.

"म्हणजे गेल्या वर्षी..." दिपिका म्हणाली.

"गेल्या वर्षी दोन्ही पिवळेच होते," रोशनी म्हणाली. "तरी आजीला कळलं की हे आजोबा नाहीत. बघ मम्मी." "आजी, तू आजोबांना पहिल्यांदा बघितलंस तेव्हा डोळे कसे होते?"

"कवले. कसे असनार?"

"मग उजव्यानंच बघ. तो आता तेव्हासारखा आहे."

पुतळाबाईंनी डाव्या डोळ्यावर तळहात धरला. रोशनीनं फोटो उघडला. गुलाबी, विटका रामू. तिनं रंग हलवायला सुरुवात केली. म्हातारी जरा पुढे झुकली. मग पुटपुटली, "ह्यो आजारी." रंग सरकला. "ह्यो दुसराच कोन." आणखी. "उनातला मानूस हाय, पोरी. सावलीतला नाय... अजून. कानाला तांबडा हवा. उन कानातनं आरपार जायचा त्येच्या..."

आणि एका जागी पुतळाबाईंनी हात वर केला, थांब म्हणून नव्हे. घसरलेला पदर त्यांनी डोक्यावर घेतला. नीट, कपाळापर्यंत.

रोशनीचं बोट तिथेच थांबलं. भूपेश खिडकीबाहेर बघू लागला. दिपिकाला वाटलं आपण या खोलीत असायला नको होतं, आणि जाताही येईना.

पण काळजी करणाऱ्या बाईचं मन तिथे कसं राहील? जेवताना तिला आठवलं, स्क्रीनवर तर मागच्या वर्षीही सगळं ठीक वाटलं होतं. स्क्रीनवरून जमिनीवर येतानाच माणूस मेला होता.

रोशनीला तेही ठाऊक होतं. हॉलमध्ये तिनं आधी रांगोळी नव्हे, यंत्र काढलं. त्यावर पांढरी टोपी चढवून ते छताकडे तोंड करून जमिनीवर ठेवलं. हॉलचा उजेड मोजला. तिच्या कोपऱ्यावर एक ट्यूब पांढरी होती आणि दोन बल्ब पिवळे.

"बल्ब बदलायला हवेत, पप्पा."

"रांगोळी काढायची आहे की वायरमनचं काम करायचंय?" भूपेश म्हणाला. "आम्ही कंदिलाखाली काढलीय."

"आणि दिवसा बघितल्यावर काय म्हणायचात?"

भूपेशनं वरच्या बल्बकडे बघितलं. "शिव्या घालायचो कंदिलाला," तो म्हणाला आणि शिडी आणायला गेला.

कोपऱ्यात एकाच जातीचा उजेड आला. मग रोशनीनं लॅपटॉपचा पांढरा त्या उजेडाशी जुळवला, इतका की कोरा कागद स्क्रीनशेजारी धरला तर दोन कागद धरल्यासारखे वाटावेत. त्यानंतर डब्या उघडल्या. कागदावर चिमूट, कागद स्क्रीनला. मागच्या वर्षी केलं होतं अगदी तेच. भूपेशनं गालाचा रंग बघून तोंड वाकडं केलं. "फार तांबडा होतोय."

"होऊ द्या."

"माणूस भाजलेला दिसेल."

"भाजलेलेच होते ना ते?"

भूपेशनं तिच्याशेजारी गुडघे टेकून गाळणी हातात घेतली, आणि बापानं पोरीच्या सांगण्यावरून जमिनीवर रंग पाडला. दिपिका दारातून बघत होती. डोळे आले, रामू बघायला लागला. कपाळ आलं. उन्हानं तापलेलं ते तांबूस कातडं जमिनीतून वर आल्यासारखं उमटू लागलं आणि कानाच्या पाळीत उजेड आला. खरोखर आला. पावडरीत उजेड कुठून आला, हे दिपिकाला कळेना. तिनं हात जोडले नाहीत, पण पदराचं टोक मुठीत आवळून धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लोकांना आत सोडण्याआधी, ती सासूबाईंना घेऊन आली. आणि त्याच वेळी पलीकडच्या कोपऱ्यात कुणीतरी घाम पुसत पंख्याचं बटण दाबलं.

"पंखा! पंखा!" भूपेश ओरडला. पंखा थांबला, पण शेजारच्या रांगोळीची पांढरी पावडर एक झुळूक घेऊन आली होती. ती रामूच्या मानेवर, कानामागे, खांद्याच्या फडक्यावर भुरभुरली. सगळी मेहनत त्या तांबूसपणाची, आणि त्यावर हे पांढरं.

रोशनीचा चेहरा उतरला. तिनं बारीक ब्रश उचलला. दिपिकानं सासूबाईंना मागे वळवायला खांद्याला धरलं. "आई, आपण जरा बाहेर बसू. तिला नीट करू दे."

पुतळाबाई हलल्या नाहीत. त्या रांगोळीभोवतीच्या दोरीपाशी उभ्या होत्या. मग बोलल्या, रोशनीशी.

"ए पोरी, ऱ्हाऊ दे त्यो."

"आजी, पावडर उडालीय, काढते मी..."

"मीठ हाय त्यो," पुतळाबाई म्हणाल्या. "घरी यायचा तवा कानामागं असाच ऱ्हायचा. किती सांगितला धुऊन ये, तरी नाय." आणि जमिनीकडे बघून, बायकोच्या रोजच्या सुरात, "नायच ना धुतलास?"

रोशनीनं ब्रश खाली ठेवला.

दिपिकानं सासूबाईंकडे बघितलं. म्हातारीनं डावा डोळा तळहातानं झाकून घेतला होता. तिला तसं करायला कुणीही सांगितलं नव्हतं.